इबान लांबघर: जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, मध तिसऱ्याचा. हिशेब लागतो कसा?

रानभूल

पश्चिम कालिमांतानमधल्या (इंडोनेशियाच्या वाट्याचं बोर्निओ) कापुआस हुलू जिल्ह्यातल्या इबान (तिथला एक आदिवासी समाज) गावांबद्दल वाचतोय आणि मालमत्तेच्या मुद्द्यावर गाडी अडलीय. एकीकडे म्हणतात जंगल सगळ्या गावाचं, सामाईक. दुसरीकडे त्याच गावात अमक्याचं शेत, तमक्याचा रबर, आजीच्या नावाचं ड्युरियनचं झाड. त्यात सगळं गाव एकाच छपराखाली राहतं आणि सरकारी नकाशात तो पट्टा बहुतेक ‘राज्याचं वन’ म्हणून रंगवलेला.

तर जमिनीवर हक्क तयार कसा होतो आणि टिकतो कसा? लांबघरातली खोली कोणाची, वारसा कोणाला? झाडं आणि मध यांचं वेगळं खातं आहे का? आणि कागद म्हणाल तर आपल्या सातबाऱ्यासारखं तिथं काय असतं? मोघम ‘आदिवासी निसर्गाशी एकरूप असतात’ छापाची उत्तरं नकोत, ती भरपूर वाचून झालीत.

दळीवाला

‘सामाईक की खासगी’ असा प्रश्न टाकला की उत्तर सापडत नाही, कारण तिथं हक्क जमिनीच्या तुकड्याला चिकटत नाही, कष्टाला चिकटतो. ज्या घरानं जुनं रान पहिल्यांदा तोडून भात केलं, त्या घराचा त्या जागेवर हक्क. पीक निघाल्यावर जागा पडीक सोडतात, तिच्यावर पुन्हा रान चढतं, ते रान म्हणजे ‘तेमुदा’. पडीक आहे म्हणून ती कोणाचीही नव्हे. कोणाच्या आज्यानं तोडली ते गावाला पाठ असतं. जे रान कोणीच कधी तोडलं नाही ते गावाचं, आणि तिथं कुऱ्हाड लावायची तर घराच्या मर्जीवर चालत नाही, बैठक लागते.

रायगड-ठाण्याकडच्या दळीची किंवा कानड्यातल्या कुमरीची माहिती असेल तर शेतीची पद्धत लगेच कळेल. शेताला ‘उमाइ’ म्हणतात, एका घराचं वर्षाला साधारण एक-दोन हेक्टर. मे-जूनमध्ये खालची झुडपं कोयत्यानं साफ, मग मोठी झाडं पाडायची. चार ते सहा आठवडे वाळवण. ऑगस्ट-सप्टेंबरात जाळणी. लगेच पेरा: पुरुष टोकदार दांड्यानं भोकं पाडत पुढं, बायका मागून चिमूटभर बी टाकत. नोव्हेंबर-डिसेंबरात निंदणी, फेब्रुवारी ते एप्रिल काढणी, तीही बोटांत धरायच्या छोट्या पात्यानं एकेक लोंबी खुडून. कारण एकाच शेतात पाच-सहा जाती वेगवेगळ्या वेळी पिकतात. विळा फिरवला तर हिरवंही कापलं जाईल. मजुरी नसते, सावड असते. तुम्ही माझ्याकडे एक दिवस, मी तुमच्याकडे एक दिवस. ‘बेदुरुक’ म्हणतात. दिवसाला दिवस, काटेकोर.

बिघडतं कुठं? पहिलं, जाळणीआधी मोठा पाऊस आला तर. अर्धवट जळालेले ओंडके हातानं रचून पुन्हा पेटवावे लागतात, राख कमी पडते आणि तण जास्त. दुसरं, जुनं रान तोडलं तर तोडणीचे कष्ट अफाट पण निंदणी जवळजवळ नाही. पाच-सात वर्षांचं कोवळं रान तोडलं तर उलटं. घरात तोडणारे हात किती आणि निंदणारे किती यावरून जागा निवडतात. पडीक काळ पंधरा वर्षांवरून पाचावर आणला की लालांग नावाचं पात्याचं गवत घुसतं. ते एकदा बसलं की भात विसरा. तिसरं, आग. शेताभोवती पट्टा झाडून मोकळा करतात, चढावर असेल तर वरच्या कडेनं आधी पेटवून काळी पट्टी तयार करतात, मग खालून. तरीही शेजाऱ्याच्या रबरात आग शिरली तर भरपाई लागते, आणि ‘वारा फिरला’ ही सबब चालत नाही.

एक नियम नवख्यांना विचित्र वाटतो. जमीन उसनी मिळते, अगदी सहज, एका भातपिकापुरती. पण उसन्या जमिनीत रबर, कोको, फळझाड लावायचं नाही. झाड लावलं की झाडाचा हक्क लावणाऱ्याचा, मग मूळ मालकाची जागा पंचवीस-तीस वर्षं अडकली. आपल्याकडं कूळकायद्याच्या धास्तीनं लोक जमीन कसायला द्यायचे थांबले, तिथं मात्र भातापुरती देणं चालूच राहिलं, कारण रेघ झाडाशी आखलेली आहे.

ओसरी

घराचं मी सांगते.

लांबघर एकच इमारत दिसते, पण ती ओळीनं जोडलेली घरं आहेत. एकेका कुटुंबाच्या पट्ट्याला ‘बिलेक’ म्हणतात आणि कुटुंबालाही बिलेकच. मागं राहण्याची खोली, वर माळा म्हणजे ‘सादाऊ’ (भाताच्या कणग्या तिथं), पुढं सगळ्या लांबीभर धावणारी झाकलेली ओसरी ‘रुआइ’, आणि तिच्यापुढं उघडा मांडव ‘तांजु’, भात आणि मिरी वाळवायला. रुआइवरून कोणीही चालेल, बसेल, चटया विणेल. पण तुमच्या खोलीसमोरच्या फळ्या तुमच्या. कुजली की तुम्हीच बदलायची, आणि पाहुण्याचा पाय मोडला तर लाज तुमची.

खांब बेलियानचे (बाजारात ‘उलिन’). हे लाकूड पाण्यात बुडतं, वाळवी लागत नाही, एका पिढीनंतर दुसऱ्या घरात पुन्हा वापरतात. त्यामुळं बिलेकची खरी किंमत जागेत नाही, खांबात आहे. छपराला पूर्वी बेलियानच्याच पातळ फळ्या, आता पत्रा. पत्रा स्वस्त आणि हलका, पण दुपारी माळ्यावर थांबवत नाही आणि पावसात बोलणं ऐकू येत नाही. जुनं बेलियान संपत आल्यामुळं नवीन घरांत सिमेंटचे खांब दिसतात.

वारसा: मुलगा की मुलगी हा भेद नाही. भावंडांतलं कोणी तरी एक बिलेकमध्ये राहतं, बाकीचे लग्न करून जोडीदाराच्या बिलेकमध्ये जातात. नवरा बायकोच्या घरी गेला तर त्याला घरजावई म्हणून कोणी हिणवत नाही, निम्मे पुरुष तसेच असतात. जो बाहेर गेला त्याचा जुन्या बिलेकवरचा हक्क गळतो आणि नव्या बिलेकमध्ये पूर्ण हक्क मिळतो. दत्तक मुलाला सख्ख्याइतकाच. दोन विवाहित भावंडं एकाच बिलेकमध्ये असतील तर आज ना उद्या एक वेगळं होतं. तेव्हा मोठे मातीचे रांजण आणि घंटा-गाँग यांची वाटणी होते, जमिनीचीही.

आणि बियाणं! प्रत्येक बिलेकचं स्वतःचं पूज्य भात असतं, ‘पादी पुन’. ते शेताच्या मध्यभागी लावतात आणि ते बिलेकबरोबरच पुढं जातं. वेगळं होणाऱ्याला त्यातून नवी सुरुवात करून देतात. कोणत्याही कागदावर नसलेली, पण सर्वांत आधी जपली जाणारी मालमत्ता हीच.

विकण्याबद्दल: छप्पर सलग, भिंत शेजाऱ्याशी सामाईक. मधली खोली उचलून नेली तर दोन्ही बाजूंना पाऊस आत. त्यामुळं घरप्रमुख (‘तुआइ रुमाह’) आणि शेजारी यांच्याशी बोलणं झाल्याशिवाय काही हलत नाही. सगळ्यात मोठी भीती आगीची. कापुआस हुलूमधलं उलुक पालिन हे पन्नासहून जास्त खोल्यांचं जुनं लांबघर (तमाम्बालोह लोकांचं, इबान नव्हे) २०१४ मध्ये जळून गेलं. लाकूड वाळलेलं, इमारत सलग, मधे आग अडवेल अशी भिंत नाही. विझवायला वेळच मिळत नाही. म्हणून काही गावं आता रांजण आणि कागदपत्रं दूरच्या भाताच्या कोठारात ठेवतात.

आग्या

झाडांचं खातं वेगळं आहेच, आणि तेच सगळ्यात मजेशीर.

जुनी लांबघरं सोडून गाव पुढं सरकलं की मागं ‘तेम्बावाइ’ उरते: जुनी घरजागा, जिथं ड्युरियन, रांबुतान, लांगसात, आंब्याच्या रानटी जाती, तेंकावांग अशी दाट फळराई होते. ती त्या घरात राहिलेल्यांच्या सगळ्या वंशजांची. बाहेर लग्न करून गेलेल्यांनाही फळात वाटा राहतो, जमिनीत नाही. (ओसरीताई, हा तुमच्या नियमाला अपवाद.) कोणाच्या किती पिढ्या इथं होत्या याचा पुरावा विचारला की लोक झाड दाखवतात. खापर-पणजोबांच्या नावानं ओळखलं जाणारं झाड हा तिथला फेरफार उतारा समजा.

ड्युरियनला फळ तोडायचं नसतं, पडायची वाट बघायची. मोसमात वंशज झाडाखाली खोपट बांधून रात्र काढतात. जो हजर, त्याची पडलेली फळं. पुण्यात बसून वाटा मागणाऱ्यासारखे तिथंही असतात, पण त्यांना फळ मिळत नाही. वर चढून कच्ची तोडणं म्हणजे इतरांचं चोरणं, त्याला दंड.

तेंकावांग (इबानमध्ये ‘एंकाबांग’) दरवर्षी येत नाही. काही वर्षांनी एकदम सगळीकडे फुटतो. पंखांची बी, तिच्यात कोको बटरसारखं घट्ट तेल; चॉकलेट आणि सौंदर्यप्रसाधनं करणारे घेतात. अडचण अशी की बी पडल्यावर काही दिवसांतच कोंब धरते, आणि कोंब आला की तेल गेलं. म्हणून धुरावर वाळवतात. चुलीवरच्या मचाणाची जागा मर्यादित, म्हणून भरघोस वर्षात निम्मं बी रानातच रुजून जातं. व्यापाऱ्याला हे माहीत असतं आणि भाव तो त्याप्रमाणे पाडतो.

मधासाठी दानाऊ सेंतारुम हे तळ्यांचं राष्ट्रीय उद्यान बघा. तिथं पाणी वर्षभरात बारा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. माशी म्हणजे आपली आग्या माशीच, तीच जात. आपल्याकडं कड्यावरचं मोहोळ ज्याच्या हाती लागेल त्याचं. तिथं माणसं आग्यासाठी फळी बांधतात. ‘तिकुंग’ म्हणजे तेम्बेसू लाकडाची, सुमारे दोन मीटर लांब, खालून गोलसर फळी. बुडालेल्या रानात फांद्यांवर ती तिरकी बसवतात, लोखंडी खिळा नाही, लाकडी खुंट्या. तिरकी का? कारण माशी मध वरच्या टोकाकडे साठवते आणि अंडी-अळ्या खालच्या भागात ठेवते. वरचा तुकडा कापला की पिल्लं वाचतात आणि माशी पुढच्या वर्षी परत येते. फळी आडवी बसली की दोन्ही मिसळतं, सगळं पोळं कापावं लागतं, जागा उजाड.

प्रत्येक फळीवर मालकाची खूण कोरलेली. फळी माझी, ज्या झाडावर बांधली ते रान मात्र गटाचं. या मधगटाला ‘पेरियाऊ’ म्हणतात, आणि हे बहुतेक मलय कोळ्यांचे गट आहेत. इबान वस्त्या तळ्यांच्या काठाभोवती. दुसऱ्याच्या तिकुंगचा मध काढला तर दंड, आणि गटातून हाकललं तर फळी लावायला रानच उरत नाही, खरी शिक्षा ती. मध बराच पाणीदार येतो, म्हणून पिळून काढला की फसफसतो. नवी पद्धत पोळ्याचा वरचा पापुद्रा कापून नुसतं निथळू देण्याची, आणि मग कोरड्या खोलीत पाणी कमी करण्याची. पिळलेल्यात परागकण आणि अळ्यांचा रस जातो, तो टिकत नाही.

नकाशेवाला

कागदाकडे येतो. तीन थर एकमेकांवर चढलेले आहेत, ते वेगळे केले की गोंधळ कमी होतो.

वरचा थर वनखात्याचा. इंडोनेशियाची साठ टक्क्यांहून जास्त जमीन ‘वनक्षेत्र’ म्हणून घोषित आहे, झाडं असोत वा नसोत. तिथं भूमापन खातं (बेपेएन) मालकीचा दाखला देतच नाही. कापुआस हुलूमध्ये बेतुंग केरिहुन आणि दानाऊ सेंतारुम ही दोन राष्ट्रीय उद्यानं आहेत, शिवाय संरक्षित रानं. खासगी दाखला मिळू शकेल असा पट्टा उरतो तो नदी आणि रस्त्याकडेचा.

मधला थर १९६० चा मूळ जमीन कायदा (क्रमांक ५). त्याचं कलम ५ म्हणतं की देशाचा जमीन कायदा म्हणजे आदात, परंपरेचा कायदा. कलम ३ गावाचा सामूहिक हक्क मान्य करतं, पण ‘राष्ट्रहिताला बाधा येत नसेल तर’ अशी पाचर मारून. १९९९ च्या वन कायद्यानं (क्रमांक ४१) आदात वनाची व्याख्या ‘आदात समाजाच्या क्षेत्रातलं राज्याचं वन’ अशी केली. आदात समाजांच्या संघटनेनं (‘आमान’) आणि दोन गावसमाजांनी ती संविधान न्यायालयात नेली. १६ मे २०१३ ला न्यायालयानं त्या व्याख्येतून ‘राज्याचं’ हा एक शब्द काढून टाकला. निकाल क्रमांक ३५, साल २०१२ चा. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याशी तुलना करायची तर फरक इथं आहे: मेंढा-लेखाला सामूहिक हक्क मिळाला तो सरकारी वनावरचा हक्क म्हणून, तिकडं न्यायालयानं सांगितलं की हे सरकारी वनच नव्हे.

पण निकालानं जमीन आपोआप परत येत नाही. आधी जिल्ह्याचा नियम किंवा जिल्हाप्रमुखाचा निर्णय लागतो की ‘हा आदात समाज आहे’. मग केंद्रीय वनखात्याची पडताळणी, मग हुकूम. पहिली नऊ आदात वनं डिसेंबर २०१६ च्या शेवटी जाहीर झाली. सुंगाई उतिक हे कापुआस हुलूमधलं इबान गाव. त्यांना सुमारे ९,४८० हेक्टरचा हुकूम २०२० मध्ये मिळाला. निकालानंतर सात वर्षं, आणि ते गाव तयारीत सगळ्यांच्या पुढं होतं. त्यांनी रानाचे तीन भाग आखलेत: ‘काम्पोंग तारोह’ म्हणजे हात न लावायचं, ‘काम्पोंग गालाओ’ म्हणजे औषध, सरपण, होडीपुरतं, आणि ‘काम्पोंग एंदोर केर्जा’ म्हणजे कामाचं.

नकाशा करताना काय चुकतं ते सांगतो, कारण तिथंच अर्धी प्रकरणं अडकतात. गाव आधी जमिनीवर किंवा कागदावर ढोबळ चित्र काढतं: ओढे, धारा, जुन्या घरजागा, स्मशानं. मग म्हाताऱ्यांना घेऊन हद्द चालायची आणि प्रत्येक वळणाला जीपीएसचा बिंदू घ्यायचा. दाट पानांखाली हातातलं यंत्र दहा-पंधरा मीटर सहज चुकतं. प्रत्येक बिंदूवर काही मिनिटं थांबून सरासरी घ्यायची, सुट्या बॅटऱ्या जास्तीच्या न्यायच्या. ओढ्यावरची हद्द लिहिताना ‘ओढ्याचा मध्य की काठ’ हे लिहायचं, पुरात ओढा सरकतो. सगळ्यात महत्त्वाचं, शेजारच्या गावांच्या सह्या चालतानाच घ्यायच्या, नकाशा छापल्यावर नव्हे. छापील रेघ बघितली की शेजाऱ्याला ती आपल्या अंगणातून गेल्यासारखी वाटते. शेवटी सरकारी नकाशावर चढवायचं. वनक्षेत्राचे जुने नकाशे १:२,५०,००० प्रमाणात आहेत, म्हणजे एक मिलिमीटर रेघेची जाडी जमिनीवर २५० मीटर. आख्खं लांबघर त्या रेघेत मावतं, आणि मग ‘तुम्ही आत की बाहेर’ यावर दोन-दोन वर्षं पत्रव्यवहार.

खालचा थर गावप्रमुखाचा दाखला, ‘एसकेटी’. बहुतेक खरेदी-विक्री यावरच चालते. तो सातबारा नव्हे. आपल्या भाषेत वहिवाटीचा पंचनामा समजा. एकाच तुकड्याचे दोन दाखले निघणं नेहमीचं, कारण गावप्रमुख बदलला की वही बदलते.

रानभूल

उत्तम, एकेक गाठ सुटतेय. दोन उपप्रश्न. जाळून शेती करणं आता गुन्हा नाही का? आणि तेलताडाची कंपनी आली की गावाचं नेमकं काय जातं? शिवाय ओळखीतले एक जण ‘तिकडं जंगलात पाच हेक्टर स्वस्तात मिळतंय’ म्हणून फिरतायत, त्यांना काय सांगू?

नकाशेवाला

जाळणी: २००९ च्या पर्यावरण कायद्यात (क्रमांक ३२) जाळून जमीन साफ करायला बंदी आहे, पण कलम ६९ मध्ये स्थानिक पद्धतीची सूट: कुटुंबामागे जास्तीत जास्त २ हेक्टर, स्थानिक जातीचं पीक, भोवती आगपट्टा. तरी २०१९ च्या वणव्यांच्या धुरानंतर छोट्या शेतकऱ्यांवर खटले झाले. शेजारच्या सिंतांग जिल्ह्यातले सहा जण मार्च २०२० मध्ये निर्दोष सुटले. दोन हेक्टरची अट दळीवाल्यांनी सांगितलेल्या मापाशी जुळते, आणि खटल्यात उपयोगी पडतो तो आगपट्टाच.

तेलताड: कंपनीला मिळतो तो ‘हागेऊ’, लागवडीचा हक्क, ३५ वर्षं, वर २५ ची वाढ. गावकऱ्यांना वाटतं आपण भाड्यानं दिली, मुदत संपली की परत येणार. कायद्यात मात्र गावाला आधी आपला हक्क सोडावा लागतो, जमीन राज्याची होते आणि राज्य ती कंपनीला देतं. मुदत संपली की परत जाते ती राज्याकडे. करारावर अंगठा लावण्याआधी विचारायचा प्रश्न हा एकच. गावासाठी किमान २० टक्के लागवडीची अट २००७ पासून आहे, पण ती बाग कुठं, कोणाच्या नावावर, कर्ज किती वर्षं कापणार हे नकाशासकट लिहून घ्यावं. नाही तर वीस टक्के म्हणजे दलदलीतला तुकडा मिळतो.

तुमच्या ओळखीतले: परदेशी नागरिकाला पूर्ण मालकी मिळतच नाही (१९६० च्या जमीन कायद्याचं कलम २१). स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन मागून करार करणं तर कलम २६ मध्ये थेट बसतं: व्यवहार रद्द, जमीन राज्याकडे, दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. आणि जंगलातले पाच हेक्टर म्हणजे बहुधा वनक्षेत्रातली एसकेटी.

ओसरी

शिवाय तिथं कोणाचा तरी ड्युरियन असणार.

उलेन

एक दुरुस्ती, कारण धागा इबानवरून ‘दायाक’ (बोर्निओतल्या अनेक मूळ समाजांचं एकत्रित नाव) असा घसरायला वेळ लागत नाही. हे सगळं इबान, बहुतांशी समतावादी समाजाचं. कायान आणि केन्याह समाजांत सरदार-सामान्य अशी उतरंड होती. केन्याहांची ‘ताना उलेन’ ही राखीव रानं पूर्वी सरदार घराण्याच्या ताब्यात असत, आता आदात समितीकडे. तिथं ‘ज्यानं तोडलं त्याचं’ हे सूत्र लावलं तर फसाल. पूर्वेकडच्या बेनुआक लोकांच्या फळबागांचं नावही वेगळं (सिम्पुकं) आणि वाटणीही.

दुसरं, रबर आणि भात यांच्या पुढं आता क्रातोमची (औषधी-उत्तेजक म्हणून विकली जाणारी) पानं आहेत. कापुआस हुलूमध्ये नदीकाठची पडीक तेमुदा झपाट्यानं क्रातोमखाली गेली. झाड दोनेक वर्षांत पानं देतं, खुडून वाळवून विकायची, रबराचं काम पावसात बुडतं तसं इथं बुडत नाही. पण झाड लावलं की हक्क पक्का, हा नियम इथंही लागतोच. त्यामुळं भातासाठी उसनी मिळणारी नदीकाठची जागा हळूहळू बंद होतेय. ज्या घराकडं काठाला तेमुदा नाही, ते भातासाठी वरच्या उतारावर चढतंय, आणि तिथं काम्पोंग गालाओची हद्द सुरू होते. सध्या गावबैठकीतली भांडणं कंपनीपेक्षा याचीच जास्त.

दळीवाला

@उलेन, बरोबर. मी ‘देणं चालूच राहिलं’ लिहिलं ते उतारावरच्या जमिनीपुरतं धरा.